पाच इंच जास्त

मुलांनो, पुढं वाचण्याआधी एक काम करा. आपल्यासमोर एक ट्रक उभा करा. खराखुरा नको, घरातली माणसं रागावतील, मनातला चालेल. त्याला हिरवा रंग द्या, पण जागोजागी उडालेला. पुढच्या दोन दिव्यांपैकी एक जरा खाली बघतोय असा ठेवा. आणि आता ड्रायव्हरसमोरची ती मोठी काच नीट बघा. चार फूट रुंद, दीड फूट उंच. ही काच पत्र्याच्या भोकात थेट बसत नाही. थेट बसवली तर पहिल्याच खड्ड्यात तिचा चुरा होईल. म्हणून काचेभोवती रबराची जाड कड असते. त्या कडेला दोन खाचा असतात. आतल्या खाचेत काच बसते, बाहेरच्या खाचेत पत्रा. दोन भांडखोर मुलांच्या मध्ये मी वर्गात एक शांत मुलगा बसवत असे, तसं ते रबर.

दिसला ट्रक? आता तो ठाकुर्लीला आमच्या चाळीसमोर आणून लावा. साल एकोणीसशे सत्तावन्न, महिना वैशाख. ट्रक काळुरामांचा. आमची चाळही त्यांच्याच जुन्या भातशेतावर उभी होती. शेत गेलं तेव्हा काळुरामांनी हा ट्रक घेतला आणि त्यावर विटा, रेती, गवत असं काय मिळेल ते वाहू लागले. बोलणं थोडं, मिशा भरघोस आणि कागदाचं भय मोठं. कुठलाही सरकारी कागद आला की ते तो दोन बोटांत धरून, विंचू धरावा तसा, माझ्याकडे आणत. मी शाळामास्तर. कागद वाचणं हे माझं काम आहे असं सगळी चाळ समजत असे, आणि खरं सांगायचं तर मीही समजत असे.

त्या बुधवारी सकाळी ते असाच एक कागद घेऊन आले. बरोबर ड्रायव्हर महिपत होता.

"मास्तर, यो कागद काय बोलतं?"

कागद ठाण्याच्या मोटार तपासणी कचेरीचा होता. मी चष्मा लावला, एकदा मनात वाचला, मग मोठ्यानं मराठीत सांगितला. समोरच्या काचेचं रबर निकामी झालं आहे. ते बदलून शनिवारी सकाळी अकराला गाडी पुन्हा तपासणीला आणावी. तोवर, आणि तपासणीत उतरली नाही तर पुढंही, गाडीत माणसं किंवा माल नेऊ नये.

काळुराम पायरीवरच बसले. "आयतवारी माजे पोराचं, नाथाचं लगीन हाय. वऱ्हाड कोलशेतला न्यायाचं. साठ माणूस. एस.टी.वाल्यांना इचारलं, ते बोलतात गारी नाय. बैलगारीनं निंगालो त मुहूर्ताला आमी शिळफाट्यावर असू, आन पोरगी तिकरं हार घेऊन उभी."

आता बघा, मुलांनो, इथं मी नुसतं "वाईट झालं" म्हणून चहा पाजला असता तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण मी म्हणालो, "काळुराम, यात काय कठीण आहे? रबर तर बदलायचं. आपण घरीच करू."

महिपत म्हणाला, "मास्तर, मी बघितलंय कल्याणला. एक दोरी घ्यायची अन् ती..."

"दोरी नको," मी म्हणालो. "आधी मोजमाप. आपल्याकडे सूत्र आहे." आणि मी दारामागचा लहान फळा काढला. महिपत तंबाखू मळत उभा राहिला.

माझी पुतणी उत्तरा त्या वर्षी आमच्याकडे शिकायला होती. वय नऊ, इयत्ता चौथी, दोन वेण्या आणि एकूण बोलणं बेताचं. अशा वेळी मुलांना शिकवायचं सोडून द्यायचं म्हणजे ताटातला घास टाकून उठायचं. मी तिला वही आणायला सांगितली.

"आयताची परिमिती कशी काढतात?"

"लांबी अधिक रुंदी, गुणिले दोन."

"शाब्बास. चार अधिक दीड, साडेपाच. गुणिले दोन, अकरा. म्हणजे रबर अकरा फूट." मी तिच्या वहीत स्वतःच्या अक्षरात ते मांडून दिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. काळुराम फळ्याकडे देवघराकडे बघावं तसं बघत होते.

उत्तरा मात्र घरात गेली. माझी बायको मंदाकिनी चाळीतल्या मुलींचे परकर शिवून देत असे, त्यामुळे घरात न कापलेल्या नाडीची एक गुंडी कायम असायची. ती घेऊन उत्तरा ट्रकच्या बॉनेटवर चढली, काचेच्या कडेकडेनं नाडी फिरवली, जिथं टोक भेटलं तिथं गाठ मारली आणि खाली येऊन फूटपट्टीनं नाडी मोजली. मग वहीत लिहिलं: नाडीनं मोजून, दहा फूट सात इंच.

"काका, पाच इंच कमी येतंय."

मी हसलो. चांगला शिक्षक अशा वेळी रागवत नाही. "बाळ, नाडी ताणली जाते, सैल पडते. सूत्र ताणलं जात नाही." मी कानावरची लाल पेन्सिल काढली, तिच्या आकड्यावर एक सुबक फुली मारली आणि शेजारी लिहिलं, पुन्हा मोज.

तिनं फुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वही मिटली.

जुनं रबर काढायचं काम दुपारी सुरू झालं, आणि त्याबरोबर शेजारीही सुरू झाले. पहिल्या खोलीतले त्र्यंबकराव ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमधून निवृत्त झालेले होते. जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्यांचा उपाय वाफ. त्यांनी मंदाकिनीचं चहाचं आधण उचलून आणलं आणि रबरावर धरलं. रबर दगडासारखं झालेलं, त्याला वाफेचं काही वाटलं नाही. त्र्यंबकरावांच्या बोटांना वाटलं. शेवटी महिपतनं खिशातली सुरी काढली, रबर सरळ कापून टाकलं, आणि काच आम्ही चौघांनी तान्ह्या मुलासारखी घरात आणली.

ठेवायची कुठं? कॉटवर ठेवावी तर कोणी बसेल. जमिनीवर ठेवावी तर कोणी चालेल. मी ती स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी करून ठेवली, कारण दार चार फुटांना जरा कमी होतं आणि काच तिथं छान अडकून राहिली. मंदाकिनी आत होती हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"मी बाहेर कशी येऊ?" तिनं काचेवरून विचारलं.

"शनिवारपर्यंतच प्रश्न आहे," मी म्हणालो. तिनं स्टूल घेतलं, साडी सावरली आणि काच ओलांडून बाहेर आली. त्यानंतर दोन दिवस आमचा चहा काचेवरून येत होता. त्र्यंबकराव संध्याकाळी बशी द्यायला आले आणि ती त्यांनी आत खाली बसलेल्या मंदाकिनीला काचेतून द्यायचा प्रयत्न केला. बशी फुटली. काच तशीच राहिली, तेव्हा मला तिच्याबद्दल आदर वाटू लागला.

गुरुवारी मी आणि महिपत कल्याणला गेलो. तिथं महायुद्धानंतर लिलावात घेतलेला लष्करी माल विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे दोन खाचांचं रबर फुटावर मिळायचं. तो हवं तेवढं कापून, टोकं तापवून, जोडून कडं करून देई.

"किती फूट?"

"अकरा."

"काच बघू का? नाहीतर कागदावर आकार..."

"अकरा," मी म्हणालो. हा शब्द मी असा उच्चारला की त्यानं निमूट कापलं.

संध्याकाळी आम्ही ते कडं काचेला घातलं. मुलांनो, मोठ्या भावाची चड्डी धाकट्याला घातलेली तुम्ही पाहिली असेल. तसं ते दिसत होतं. तीन बाजूंना नीट बसलं आणि चौथ्या बाजूला खाली लोंबत राहिलं. मी मोजलं. पाच इंच.

मी पुन्हा काच मोजली. चार फूट बरोबर. दीड फूट बरोबर. पुन्हा गणित केलं, अकरा. सूत्र बरोबर होतं, माझा गुणाकार बरोबर होता, म्हणजे चूक ट्रकची होती. हे मी काळुरामांना सांगितलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर ते असावं.

त्र्यंबकराव म्हणाले, "रबर थंडीनं आखडतं. रात्रभर माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवा." पुरलं. सकाळी काढलं, पाच इंच तिथंच होते, वर वाळू चिकटलेली. मग ते म्हणाले, "रबर नाही आखडत तर काच वाढवा. उष्णतेनं पदार्थ प्रसरण पावतात, तुम्हीच शिकवता." मी खरोखरच कागदावर हिशेब मांडला. काच तेवढी वाढायला तिला एवढं तापवावं लागलं असतं की वाढायच्या आधीच ती वितळून बॉनेटवर सांडली असती. उत्तरा हे सगळं बघत होती. तिच्या मनगटाला ती नाडी गुंडाळलेली होती, गाठ वरच्या बाजूला. मी तिकडे बघायचं टाळलं.

शुक्रवारी सकाळी पुन्हा कल्याण. दुकानदारानं कडं हातात घेतलं, हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "मास्तर, काचेचे कोपरे गोल असतात. कोपऱ्याला रबर वळसा घेतं, टोकापर्यंत जात नाही. दर कोपऱ्याला इंच-सव्वा इंच वाचतं." मी चटकन मनात हिशेब केला. तीन इंचांची गोलाई, चार कोपरे, पाच इंच आणि वर किंचित. तीस वर्षं परिमिती शिकवली, पण फळ्यावर मी काढलेल्या प्रत्येक आयताला टोकदार कोपरे होते.

त्यानं पाच इंच कापले, कडं पुन्हा जोडलं आणि तुकडा माझ्या हातात दिला.

आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, ती मला आवडत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. घरी आल्यावर काळुरामांनी विचारलं, "काय झालेलं?" आणि मी म्हणालो, "दुकानदारानं जास्त कापून दिलं होतं." महिपतनं माझ्याकडे पाहिलं आणि तो तंबाखू मळू लागला. तुकडा मी टेबलावर टाकला. उत्तरानं तो उचलून फ्रॉकच्या खिशात घातला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी काच बसवायला घेतली. काचेला कडं चढवलं, बरोबर बसलं, अगदी बांगडीसारखं. आता बाहेरच्या खाचेत पत्रा घालायचा. म्हणजे बाहेरून काच दाबायची आणि रबराची आतली कड पत्र्याच्या आत ओढून घ्यायची. लिहायला एक ओळ पुरते. आम्हाला साडेतीन तास लागले.

मंदाकिनीनं साबणाचं पाणी करून दिलं, म्हणजे रबर सरकेल. रबर सरकलं, पण बाहेर. आम्ही चमचे लावले, उलथनं लावलं, त्र्यंबकरावांनी घरचा चिमटा लावला. एक कोपरा आत गेला की समोरचा बाहेर येई. पत्र्याला चार ओरखडे पडले, उलथन्याला बाक आला. मला वर्गात मागच्या बाकावरची मुलं गप्प केली की पुढची बोलायला लागायची ते दिवस आठवले.

"माणसं कमी हायत," काळुराम म्हणाले, आणि त्यांनी लग्नघराकडे हाक दिली. तिथं बायका लग्नाची हळद दळत बसल्या होत्या. पाच जणी उठून आल्या, नवरदेव नाथाही आला, आणि हात न धुता सगळ्यांनी काचेला तळवे लावले. काच पिवळी झाली. आतून मला फक्त तळवे दिसत होते, दहा-बारा, आणि मध्येच नाथाचं लाजलेलं तोंड.

"नाथा, तू जोर नको लाऊ," त्याची आई म्हणाली. "आयतवारी हार उचलायाचा हाय तुला."

मी आणि उत्तरा ड्रायव्हरच्या जागी आत बसलो होतो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की रबराच्या बाहेरच्या खाचेत पांढरं काहीतरी आहे. उत्तराची नाडी. काच उचलण्याआधी तिनं ती सगळ्या खाचेत भरून पाहिली होती, गाठ टोकापाशी येते का ते बघायला. आली होती बरोबर. नंतर कोणी तिला काढायची संधीच दिली नाही. दोन्ही टोकं आत लोंबत होती.

"ही इथं कशाला?" मी म्हणालो. साडेतीन तासांचा राग कोणावर तरी जायचाच होता. "म्हणून बसत नाहीये ते. ओढून काढ आधी."

उत्तरानं एक टोक धरून ओढलं. नाडी खाचेतून सुटत आली आणि येताना रबराची कड स्वतःबरोबर उचलून पत्र्याच्या आत टाकत आली. एक वीतभर रबर पच्च असा आवाज करून जागेवर बसलं.

ती थांबली. मी थांबलो.

"काका, अजून ओढू?"

"ओढ," मी म्हणालो. आवाज माझा होता, पण फार लांबून आल्यासारखा.

ती हळूहळू ओढत गेली. बाहेर पिवळे तळवे नाडीच्या मागोमाग सरकत दाबत गेले. एक बाजू, कोपरा, दुसरी बाजू. दहा फूट सात इंच नाडी तिच्या मांडीवर गोळा झाली आणि काच बसली. बायकांनी तळवे काढले. काच जागेवर राहिली.

महिपत खिडकीशी आला. "मास्तर, बुधवारी मी हेच सांगत होतो. दोरी म्हणालो अन् तुम्ही फळा काढलात."

शनिवारी आम्ही ठाण्याला गेलो. महिपत, काळुराम, मी, आणि "नाडीवाली पोरगी पायजे" असं काळुराम म्हणाले म्हणून उत्तरा. कचेरीतले साहेब बारीक होते आणि त्यांच्याजवळ बादली होती. त्यांनी काच बघितली.

"हे पिवळं काय?"

"हळद हाय साहेब," काळुराम म्हणाले. "नवऱ्याच्या आधी गारीलाच लागली."

साहेबांनी बादली उचलून पाणी काचेवर फेकलं. हळद ओघळत बॉनेटवर आली. मग ते आत बसले आणि रबराच्या कडेनं बोट फिरवू लागले. काळुरामांनी डोळे मिटले होते. त्यांच्या ओठांवर कोलशेतच्या देवीचं नाव होतं की साठ माणसांचा हिशेब, मला सांगता येणार नाही. साहेबांनी बोट वर करून बघितलं. कोरडं.

"पास," ते म्हणाले.

पण कागदावर शिक्का टेबलावरच्या कारकुनाचा हवा होता, आणि कारकून म्हणाला, "रबर बदलल्याचा पुरावा?"

"गाडी बाहेर उभी आहे," मी म्हणालो.

"गाडी फाईलला लावता येत नाही. जुनं रबर आणा."

जुनं रबर त्र्यंबकरावांनी बंबात घातलं होतं. पाणी तापलं नव्हतं, पण चाळीला दोन दिवस वास येत होता. मी कारकुनाला नियम, तर्क आणि शेवटी माझी तीस वर्षांची नोकरी सांगितली. तो दौतीत टाक बुडवून बसला होता. घड्याळात साडेबारा झाले होते आणि शनिवारी कचेरी एकला बंद होई. काळुराम टोपी काढून हातात फिरवू लागले.

उत्तरानं खिशातून पाच इंचांचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हे नवीन रबराचं उरलेलं. गाडीला लावून बघा, सारखंच आहे."

कारकुनाला तो फार आवडला. टाचणीनं फाईलला लागेल असा पुरावा त्याला रोज मिळत नसावा. त्यानं तो घ्यायला हात पुढं केला, तर उत्तरानं तुकड्यावर हात ठेवला.

"दोन इंच घ्या. बाकीचं मला हवंय."

त्यानं कात्री शोधली, दोन इंच कापले, टाचणी बोथट करत ते फाईलला लावले. मग सहज विचारलं, "एवढं उरलं कसं पण? मोजलं नव्हतं का कोणी?"

काळुराम माझ्याकडे बघू लागले. मी छताकडे. छताला एक पंखा होता आणि तो बंद होता, एवढं अजून आठवतं.

"मोजलं होतं," उत्तरा म्हणाली. "पण कोपरे गोल आहेत."

शिक्का बसला. नाथाचं वऱ्हाड रविवारी सकाळी ट्रकनं गेलं, मुहूर्ताच्या तासभर आधी कोलशेतला पोचलं. जाताना काळुरामांनी उत्तराला पुढं, काचेमागं बसवलं होतं. मला मागं, साठ माणसांत.

शनिवारी संध्याकाळी मात्र, ठाण्याहून परतल्यावर, मी टेबलाशी वह्या तपासत बसलो होतो. उत्तरा आली. तिनं स्वतःची वही उघडून माझ्यासमोर ठेवली. ते पान. दहा फूट सात इंच आणि वर माझी फुली. त्यावर तिनं रबराचा तीन इंचांचा तुकडा ठेवला आणि हनुवटी टेबलाच्या कडेवर टेकवून ती वाट बघत राहिली.

ट्रकचं रबर लाल पेन्सिल चांगली खोडत नाही, मुलांनो. बराच वेळ लागला. फुलीच्या जागी काळपट डाग राहिला आणि कागद जरा विरला, पण खालचा आकडा वाचता येत होता.

"दुकानदाराची चूक नव्हती," मी म्हणालो. "काळुरामांना मी उद्या सांगतो."

तिनं मान हलवली. मग पानावरचा चुरा फुंकून टाकला, माझ्या कानावरची लाल पेन्सिल काढून घेतली, आणि वरच्या बाजूला, मी स्वतःच्या अक्षरात मांडलेल्या, दोन रेघा मारलेल्या अकरा फुटांवर एक सुबक फुली मारून शेजारी लिहिलं, काका, पुन्हा मोजा.